बिनठिपक्यांचा फौजी

रविवार, ४ मे
ट्राम कामगार निधीचा डेटाबेस आज एकट्याने अपग्रेड केला. सूचना वाचल्या नाहीत. अलेक्झांड्रियात जन्मलेल्याला पोहायला कोण शिकवतो? बॅकअप उद्या. दारावर माझ्या नावाची नवी पाटी लागली. पेंटर सीरियन, ‘लुत्फी’च्या शेवटच्या अक्षराखाली दोन ठिपके देऊन गेला. अरबीत शेवटच्या ‘ई’खाली आम्ही मिसरी, म्हणजे इजिप्तचे लोक, ते कधी देत नाही. चीड आली.

सोमवार, ५ मे
किरकोळ घोळ. जुन्या क्वेरी सभासदांची यादी मृतांच्या यादीशी जुळवतात. आज काही जुळेचना. फौजी, सब्री, शुक्री अशा नावांचे सगळे मेलेले जिवंत! त्यांना मेसेजही गेले: कार्ड बदलायला स्वतः या. सर्व्हरची चूक.

दुपारी मादाम इनशिराह आल्या. फौजी ड्रायव्हरची विधवा, पेन्शन बंद पडलेली. म्हणाल्या, मी स्वतः पुरला त्याला. आणि तुमच्या मते जिवंत असेल, तर घरी पाठवा की! बाल्कनीतल्या कपाटाची किल्ली कुठे ठेवली, तेवढं तरी सांगू दे मेल्याला.
उद्या सकाळी करून देतो म्हणालो. माझा शब्द म्हणजे शब्द.

बुधवार, ७ मे
झालं नाही. नजर लागली आहे. शुक्रीच्या नंबरवरून उत्तर आलं: येतोय. मुलगा असेल. मुलगाच असणार. तरी दाराकडे पाठ करून बसवेना. खुर्ची फिरवून घेतली. तब्येतीला बरी.

रविवार, ११ मे
मादाम पुन्हा. रक्तदाबाची गोळी अर्धी करून घेतात. म्हणाल्या, इंजिनिअरसाहेब, मला वेड नाही लागलेलं, तो गेलाय हे कळतं. पण मेसेज आल्यापासून दाराची कडी लावायला हात होत नाही. गुरुवारी मुलुखियाची पालेभाजी केली, त्याचंही ताट वाढलं. गार झालं.
चूक अर्थात माझी नाही.

बाहेर पडताना पाटीवरचे ठिपके नखाने खरवडत होतो आणि डोक्यात लख्ख पडलं. सभासदांची यादी आमच्या लोकांनी लिहिली, बिनठिपक्यांची. मृतांची यादी टाइप केली एका सीरियन बाईने, ठिपक्यांसकट. जुना डेटाबेस दोन्ही एकच समजायचा. नव्याच्या लेखी ठिपकेवाला फौजी मेला, बिनठिपक्यांचा अजून ट्राम चालवतोय. मला पहिल्या दिवसापासून संशय होताच.

मंगळवार, १३ मे
सगळ्या क्वेरींत लिहिलं: ठिपके बघू नका. जन्मतारीख जुळवायची अटही उडवली, उगाच वेळ खाते. चालवलं. फौजी मेला! शाबास लुत्फी.
मादामना फोन केला, पेन्शन सुरू. वाटलं, दुवा देतील. त्या रडूच लागल्या. म्हणाल्या, दुसऱ्यांदा नेलात हो त्याला.
बायकांचं कळत नाही. मला जेवण गेलं नाही, ते उन्हामुळे.

बुधवार, १४ मे
फाटकाने माझं कार्ड घेतलं नाही. माझ्याच नावाचा एक कंडक्टर कधीकाळी वारला होता म्हणे. आता तो आणि मी एकच. बायकोला निधीकडून सांत्वनाचा मेसेज गेला, तिने आईला बोलावून घेतलंय. साहेब म्हणाले, रेकॉर्ड काय सांगतंय ते बघा आधी, वारलेल्या माणसाला सर्व्हरला हात कसा लावू देऊ?
फाटकाबाहेरच्या बाकावर बसलो. मादाम पेन्शन घेऊन निघाल्या होत्या. ऐकून घेतलं, पिशवीतली रव्याची गोड बसबूसा माझ्या हातावर ठेवली आणि पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, आता तिकडचेच झालात, तर फौजीला तेवढं किल्लीचं विचारा.

उद्याची कामं: बॅकअप घेणे. किल्लीचं विचारणे.