ओर्लिनाचा चढ

३ नोव्हेंबर, शुक्रवार
चार पाव परत आले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

डोंगरावरच्या ओर्लिनात आता पाचच म्हातारी माणसं उरली आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी मी पाव, औषधं, गॅसची टाकी घेऊन वर जाते. आज ख्रिसांता आजी दारातच म्हणाली, "अगं, काल नेवेना आली होती. पाव घेऊनच आली. म्हणाली, वाटेतच तर आहे."

नेवेना म्हणजे पालिकेने पाठवलेली नवी नर्स. वय अठ्ठावीस. सोमवारी आणि गुरुवारी वर जाते, पालिकेच्या पांढऱ्या फोर-व्हील गाडीतून. पाव देणं तिच्या कामात कुठे लिहिलंय?

परत आलेले पाव कोंबड्यांना घातले.

७ नोव्हेंबर
राड्यू आजोबांनी नेवेना येणार म्हणून काल दाढी केली होती. मला आज सांगितलं, आणि गालावरून हात फिरवून दाखवला. माझ्यासाठी या माणसाने कधी दाढी केली नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांच्यासाठी छातीपर्यंतच्या बर्फातून सरपण कोणी ओढून आणलं – मीच ना?

११ नोव्हेंबर
दुपारी नेवेना घरी आली. बुटांवरचा चिखल दाराबाहेर काढला, विचारून बसली. तिच्याकडे बघून राग यावा असं काही नाही, हाच माझा राग.

"वेलिच्का मावशी, त्या रस्त्याचं तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही, असं सगळे म्हणतात."

पालिकेने एकच गोष्ट मंजूर केलीय – हिवाळी टायर घ्या, नाहीतर बर्फात चाकांना घालायच्या लोखंडी साखळ्या. आत्ताचे टायर बारमाही आहेत, नक्षी अजून खोल आहे, कायद्याला चालतात. तर काय घेऊ, असं तिने विचारलं.

उत्तर मला झोपेतसुद्धा देता आलं असतं. खालच्या रस्त्याला हिवाळी टायर उत्तम – थंडीत रबर मऊ राहतं, धरतं. पण झऱ्याचं वळण वेगळं. तिथे पाणी रस्त्यावर येतं आणि कडाक्याची थंडी पडली की काच होते. त्या काचेवर टायर कसलाही असो, घसरतोच. चारही चाकं ओढणारी गाडी निघते झोकात, पण घसरायला लागली की चारही चाकांनी घसरते. तिथे लोखंडच लागतं. एकच घ्यायचं तर साखळ्या.

मी म्हणाले, "टायर घे."

"आणि साखळ्या?"

मी हसले. "फोर-व्हीलला साखळ्या? माझी लाडा गाडी म्हातारी झालीय म्हणून तिला घालते. तुझ्या गाडीला काय गरज? थंडीत बसायचं, बोटं सोलून घ्यायची, शंभर पावलांवर उतरून पुन्हा आवळायच्या. तुझं काम नाही ते."

तिने वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं – "टायर", आणि खाली रेघ मारली.

जाताना माझ्या चीज भरलेल्या बानित्साची तारीफ केली. दोन तुकडे बांधून दिले मी. का दिले?

१२ नोव्हेंबर
खोटं असं काही बोलले नाही. फोर-व्हीलला साखळ्या नको म्हणणारे पुष्कळ आहेत.

२४ नोव्हेंबर
पहिला बर्फ, गुडघाभर. नेवेना काल नव्या टायरवर आरामात वर गेली, आरामात खाली आली. आज वर सगळीकडे तेच कौतुक. राड्यू आजोबा म्हणाले, "तिची गाडी कशी मांजरीसारखी येते. तुझा तो खणखणाट खालच्या पुलापासून ऐकू येतो, वेलिच्का. माझी शेळी दूध चोरते तुझ्यामुळे."

सगळे हसले. मीही हसले. झऱ्याचं वळण अजून गोठलं नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण ते गाडी चालवत नाहीत.

६ डिसेंबर
संत निकोलाचा दिवस. माझा नवरा स्पास गेल्यापासून दर वर्षी मी आजचा मासा ख्रिसांता आजीकडे खाते. धरणातला मोठा कार्प मीच खालून नेते, ती अक्रोड आणि कांदा भरून भाजते. आम्ही दोघी. सात वर्षं.

आज वर गेले तर टेबलाशी तिसरी थाळी. नेवेना खिडकीजवळ बसलेली, माझ्या जागेवर. तिला काय माहीत, कोणाची जागा कोणती! पण आजीला तर माहीत होतं. माशाचं डोकं, मानाचा तुकडा, आजीने तिच्या थाळीत वाढलं.

"पोरगी परगावची, सणाला एकटी कशाला बसेल?" आजी मला म्हणाली.

"हो ना," मी म्हणाले.

खाताना आजीने विचारलं, "काय गं, झऱ्याजवळ नीट येतेस ना?" नेवेनाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वेलिच्का मावशींनी सांगितलंय सगळं."

तेव्हा बोलता आलं असतं. तोंडात घास होता. घास गिळला, पाणी प्यायले, आणि विषय शेळीवर गेला.

११ डिसेंबर, सोमवार, सकाळ
उणे चौदा. तीन दिवस ऊन नाही. वळणावर आता काच झाली असणार.

नऊला पांढरी गाडी माझ्या खिडकीवरून गेली. तिने हात केला. मीही केला.

१२ डिसेंबर
काल लिहवलं नाही.

ती गेल्यावर मी पीठ मळायला घेतलं. मळत राहिले. सव्वानऊ. साडेनऊ. वळणापर्यंत वीस मिनिटं लागतात. हात पिठाचेच ठेवून बाहेर आले. साखळ्या काढल्या, अंथरल्या, चाकांवर चढवल्या. पिठाच्या बोटांनी मागचा आकडा लागेना. एकोणीस वर्षांत इतका वेळ कधी लागला नव्हता.

वळणावर पोचले. बर्फावर घसरल्याची लांब, गुळगुळीत खूण, सरळ कडेपर्यंत. गाडी खाली एका जाड बीच वृक्षाला आडवी टेकलेली. ते झाड नसतं तर खाली चाळीस मीटर नुसती दरी. दार उघडं. आत कोणी नाही.

मी हाका मारल्या. मग पावलं दिसली. आधी वाटलं, खाली गेली असेल, रस्त्याकडे, माणसांकडे. पण पावलं वर गेली होती. ओर्लिनाकडे. मध्ये दोन ठिकाणी बसल्याच्या खुणा.

ख्रिसांता आजीच्या घरात शिरले तर नेवेना चुलीपाशी बसलेली. डावं मनगट लाकडी पळीला स्कार्फने बांधलेलं, तोंड पांढरंफटक. राड्यू आजोबा औषधाची बाटली धरून उभे आणि ती उजव्या हाताने इंजेक्शन भरत होती. आजीची साखर दोन दिवस चढलेली होती. आजी बिछान्यात अर्धवट शुद्धीत.

"बाटली हलवू नका, आजोबा."

"मी नाही हलवत, हातच हलतोय."

इंजेक्शन दिलं, आजीची नाडी बघितली. मगच माझ्याकडे वळली.

"टायर चांगलेच होते, मावशी. मलाच नीट चालवता आलं नाही. पालिकेला काय सांगू आता?"

मी चुलीत एक लाकूड सारलं. तासाभराने आजीने डोळे उघडले, पाणी मागितलं. मग नेवेनाला माझ्या गाडीत बसवून खाली दवाखान्यात नेलं. प्रत्येक खड्ड्याला तिचा श्वास अडकायचा. वळणावर तिने डोळे मिटून घेतले. साखळ्या बर्फात रुतत होत्या आणि आम्ही अगदी सरळ चाललो होतो.

मनगट दोन ठिकाणी मोडलंय.

१४ डिसेंबर
दुकानात तिघींनी पाठ थोपटली. "तू लगेच गेलीस म्हणून बरं." लगेच! राड्यू आजोबांचा निरोप आला, वेलिच्का आहे म्हणून आपण जिवंत आहोत. एवढंच तर ऐकायचं होतं मला महिनाभर. ऐकलं. घरी आले आणि साखळ्या डोळ्यांआड ठेवून दिल्या.

१५ डिसेंबर
साखळ्या घेतल्या असत्या तरी तिला बसवता आल्या असत्या का? शहरातली मुलगी. नसत्या आल्या. हे दिवसातून दहा वेळा स्वतःला सांगते.

१८ डिसेंबर
गाडी वर ओढून गुंचोच्या गॅरेजात आणलीय. नेवेनाची बॅग राहिली होती, ती आणायला गेले. मागचं दार गुंचोने पहारीने उघडलं. बॅगेखाली साखळ्यांचा नवाकोरा डबा. बरोबर मापाच्या. सील तसंच.

"तुमच्याकडूनच घेतल्या?" मी विचारलं.

"हो, तिने स्वतः घेतल्या. पालिकेच्या नाहीत," गुंचो म्हणाला. "नोव्हेंबरात आली होती. मी म्हटलं, बसवून दाखवतो. तर म्हणाली, नको, ओर्लिनाला जाणारी एक बाई आहे, तिच्याकडून शिकते. शिकायचं तर रोज करणाऱ्याकडूनच, म्हणे."

"नोव्हेंबरात कधी?"

त्याने पावतीपुस्तक चाळलं. दहा तारीख.

माझ्याकडे ती अकराला आली होती. "आणि साखळ्या?" असं विचारलं तेव्हा त्या तिच्या गाडीतच होत्या.

१९ डिसेंबर
नेवेनाकडे गेले. दारातच सगळं सांगितलं – झरा, काच, मला काय माहीत होतं, का सांगितलं नाही. पाव आणि माशाचं डोकंसुद्धा सांगितलं. लाज वाटली, पण सांगितलं.

तिने गळ्यात अडकवलेला हात दुसऱ्या हाताने धरून ऐकलं. आत या म्हणाली नाही. मी वळले तेव्हा म्हणाली,

"वर यातलं काही सांगू नका. माझी नेमणूक जूनपर्यंतच आहे. त्यांना पुढे तुमच्याशिवाय कोण आहे?"

आणि दार लावून घेतलं.