विहीर द्यायची की ठेवायची

४ जानेवारी १९८७, रविवार. सौसर.
नवीन वर्षाचा संकल्प चार दिवस उशिरा करून राहिलो. घाई करणं माझ्या स्वभावात नाही. संकल्प: या वर्षी नेतृत्व.

आज बोरगावला केशवरावांच्या संत्र्याच्या बागेत मीटिंग झाली. सौसरचे बारा नोकरदार विरुद्ध पांढुर्ण्याचे बारा. खेळ झेंड्यांचा. बागेत पाच ठिकाणं. गोठा आणि शिडीने चढायचा राखणीचा माळा आमचे. मोटरची खोली आणि बैलबंडी त्यांची. मधली विहीर कोणाचीच नाही, जो आधी पोचेल त्याची. राखणाऱ्याला हटवून झेंडा उपटायचा आणि आपला लावायचा. तासाभराने शिट्टी. तेव्हा ज्याचे झेंडे जास्त तो जिंकला. तीन रविवार, तीन मॅचेस. जिंकणाऱ्या कॅप्टनचं नाव पचमढीच्या नेतृत्वाच्या ट्रेनिंग कॅम्पला जाणार. आठ दिवस, थंड हवा, बिल्ला.

कॅप्टन मी. एकमताने. (आमच्या कचेरीचा चपराशी गुणवंता म्हणाला, नकाशा बाबूजीच काढतील, तर तेच होऊ द्या. कोणी नाही म्हटलं नाही.) सोळा वर्षं कचेरीत नकाशे ट्रेस करून राहिलो, ते काय उगीच?

६ जानेवारी, रात्री ९.
बागेचा नकाशा पूर्ण. रंगीत. बायकोला, म्हणजे मंगलाला, माझा सिद्धांत समजावला. सगळे झेंडे राखत बसणं हे अडाण्याचं काम. आपण एक झेंडा मुद्दाम सोडायचा. शत्रू तो घ्यायला धावतो. तेवढ्यात आपण त्याचे दोन घ्यायचे. निव्वळ फायदा एक. प्रश्न फक्त टायमिंगचा.
मंगलाने विचारलं, अन् ते धावलेच नाही तर?
बायकांना स्ट्रॅटेजी समजत नाही.

११ जानेवारी, रविवार.
पहिली मॅच. सविस्तर लिहायची गरज नाही.

१२ जानेवारी.
थोडं लिहितो. सुरुवातीलाच मी गोठा सोडला आणि बाराही जण घेऊन बंडीवर चाल केली. नकाशाप्रमाणे बंडी आंब्याखाली पाहिजे होती. नव्हती. केशवरावांच्या गड्याने बैल जुंपून, संत्र्याच्या पेट्या भरून, पांढुर्ण्याच्या झेंड्यासकट ती बोरगावच्या नाक्याकडे हाकली होती. मी म्हणालो, पाठलाग! दीड मैल पळालो. पोस्टातले रघुनाथराव, वय छप्पन, गुडघे अधू, तेही पळाले. नाक्यावर बंडी गाठली तर गडी म्हणाला, बरं झालं आले जी, ट्रक थांबून राहिला, पेट्या चढवा. चढवल्या. एकशेदहा.
परत आलो तोवर शिट्टी होऊन गेलेली. पांढुर्णा चार, आम्ही शून्य. बंडी बागेत नसल्यामुळे धरली नाही.
चूक नकाशाची नाही. बैलांची आहे. तत्त्वतः सौदा बरोबर होता.

१४ जानेवारी, संक्रांत.
पांढुर्ण्याचा कॅप्टन प्रभाकर जिनिंगमध्ये कापसाची प्रत बघतो. आज बाजारात भेटला. तिळगूळ देऊन म्हणाला, विनायकराव, तुमचा गेम समजलाच नाही आम्हाला. म्हणजे घाबरला आहे.
नवीन संकल्प: गुप्त आदेश. ‘चहा झाला का’ म्हणजे विहीर सोडा. ‘चहा थंड झाला’ म्हणजे बंडीवर चला. रघुनाथराव वहीत उतरवून पाठ करून राहिले. असा माणूस पाहिजे.

१८ जानेवारी, रविवार, संध्याकाळ.
जिंकलो! तीन-दोन!
सकाळपासून माझा घसा बसला होता. आवाजच निघेना. चार वेळा ‘चहा झाला का’ म्हणून ओरडलो, कोणाला ऐकू गेलं नाही. सगळे आपापल्या झेंड्याला धरून तासभर उभे राहिले. विहीर गुणवंताने आधीच पळत जाऊन घेतली होती, तिथून तो हललाच नाही. अंपायर भैय्याजी, लोधीखेड्याचे रिटायर ड्रिल मास्तर, म्हणाले, आज शिस्त दिसली.
मौनातून नेतृत्व. याच्यावर एखादा लेख लिहावा.

१९ जानेवारी.
घशाला मंगलाने हळद-दूध दिलं. आवाज परत येऊन राहिला. टीमला तसं कळवलं. गुणवंता म्हणाला, घाई नका करू बाबूजी, रविवारपर्यंत आराम करा. किती काळजी करतात माझी!

२३ जानेवारी.
पचमढीसाठी स्वेटर काढून ठेवलं. टायमिंगचा तक्ता तयार: आपण मागे असलो तर सौदा करावा. बरोबरीत असलो तर करावा. पुढे असलो तर अवश्य करावा, कारण तेव्हा परवडतो.

२५ जानेवारी, रविवार, रात्री.
आत्ता लिहिणं कठीण आहे. हाताला ग्रीस लागलं आहे.

२६ जानेवारी.
झेंडावंदनाला गेलो नाही. झेंडा या विषयावर सध्या बोलायचं नाही.
फक्त नोंद म्हणून: पन्नासाव्या मिनिटाला गोठा, माळा, विहीर आमच्याकडे. तीन-दोन. दहा मिनिटं बाकी. तक्त्यात पाहिलं: पुढे असलो तर अवश्य करावा.
गुणवंता म्हणाला, बाबूजी, आपल्यापाशी तीन हायेत. दहा मिनिटं बसून राहू ना जी. काहून हलता?
मी म्हणालो, विहीर द्यायची, मोटरची खोली आणि बंडी घ्यायची, चार-एक करायचं. इतिहास तीन-दोन लक्षात ठेवत नाही. गोठ्यावरचे, माळ्यावरचे सगळे उतरवले. विहिरीवर रघुनाथराव होते, त्यांना ओरडून सांगितलं, सोडा आणि या!
मोटरची खोली रिकामी मिळाली. एकही राखणदार नाही. मला वाटलं, भेदरून पळाले. अकराही जण आत शिरलो. मी स्वतः झेंडा उपटला, आमचा लावला. जयजयकार चालू असताना बाहेरून कडी लागली.
आत काळोख, अकरा माणसं, एक पंप. तेवढ्यात लाइट आली आणि पंप सुरू झाला. ओरडलेलं कोणाला ऐकू जाईना. गुणवंता माझ्याकडे बघून राहिला होता, ते मात्र अंधारातही समजत होतं.
शिट्टीनंतर प्रभाकरने स्वतः कडी काढली. गोठा, माळा, बंडी त्यांची. तीन-दोन.
विहीर अजून आमचीच होती. रघुनाथराव आलेच नव्हते. पांढुर्ण्याचे तिघं चौघं मिळून ओढत होते तरी झेंड्याच्या बांबूला मिठी मारून बसले होते. त्या ओढाताणीत पडले. गुडघा फुटला. त्यांना बंडीत घालून डॉक्टरकडे नेलं तेव्हा मी भैय्याजींशी कडीच्या नियमावर वाद घालत होतो.
मुद्दा महत्त्वाचा होता.

२८ जानेवारी.
रघुनाथरावांकडे जायचं होतं. कचेरीत काम निघालं.
खरं बघितलं तर त्यांनी आदेश मोडला. ते आले असते तर खोलीबाहेर एक माणूस राहिला असता.

२९ जानेवारी.
मंगलाने विचारलं, जाऊन आले का? म्हटलं, उद्या. ती म्हणाली, मी कालच जाऊन आली.

३१ जानेवारी, शनिवार.
गेलो. रस्त्यात ठरवलं होतं की मोठ्या मनाने माफ करायचं, आदेशाचा विषय काढायचा नाही.
तिथे आधीच प्रभाकर बसलेला. पांढुर्ण्याहून बसने आला होता, चोळायला तेल घेऊन. मंगळवारीही येऊन गेला म्हणे. रघुनाथरावांचा गुडघा भोपळ्याएवढा. मला बघताच उठायला लागले. त्यांची बायको अंबाबाई ओरडली, तेव्हा बसले. मग म्हणाले, विनायकराव, माह्यामुळं हरलो काय जी? तुम्ही सोडा म्हटलं होतं, अन् माह्यानं काही सोडवली नाही. सहा दिवस झोप नाही आली.
मी घसा खाकरला. तेवढ्यात प्रभाकर म्हणाला, काका, तुम्ही धरून होते म्हणून दोन तरी राहिले. सोडली असती तर एकच होता. उलट यांनी सगळ्यांना जागेवर राहू दिलं असतं, तर पचमढीला मी कायले गेलो असतो?
रघुनाथराव माझ्याकडे बघून राहिले. खरं आहे का, अशा नजरेने. त्यांना माझ्याच तोंडून ऐकायचं होतं.
मी म्हणालो, हो. आवाज बारीक निघाला, पण निघाला. अंबाबाईने चहा ठेवला. रघुनाथराव तिथेच भिंतीला टेकून घोरायला लागले.

१ फेब्रुवारी, रविवार.
पांढुर्ण्याने दोस्तीची एक मॅच ठेवली आहे, पुढच्या रविवारी. गुणवंता सकाळी घरी आला. कॅप्टन तो. एकमताने. मी विचारलं, माझी ड्यूटी कुठे?
म्हणाला, माळ्यावर. तुम्ही चढले की आम्ही शिडी काढून घेऊ जी.