आरवणारी तलंग

आई, तुझ्यावर रागावून लिहायला बसलेय, हे आधीच सांगते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की हा राग काढायचा कुणावर, हाही प्रश्नच आहे. पण गेला महिनाभर मला घरात स्वस्थता नाही, आणि त्याला कारण तूच आहेस. मी निवृत्त झाले तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणीनं मला एक बँटम कोंबडी दिली, आणि ती खुडूक झाल्यावर तिच्याखाली ठेवायला त्याच जातीची अंडी. बुटकी जात, ओंजळीत मावेल एवढी. विश्रांतवाडीतल्या आमच्या गच्चीवर खुराडं केलं, पिल्लं निघाली, जरा मोठी झाली, आणि जो तो विचारायला लागला, ह्यातले नर कोणते? मी म्हटलं, त्यात काय, आमच्या आईची विद्या आहे माझ्याकडे. पिल्लू मानेच्या कातडीला धरून उचलायचं. पाय पोटाशी घेतले तर तलंग, म्हणजे उद्या अंडी देणारी, आणि पाय लोंबते सोडले तर कोंबडा. मी ऐटीत एकेक उचललं. जवळजवळ सगळ्या तलंगा! गल्लीत घरच्या अंड्यांची हौस सगळ्यांनाच, मी वाटून मोकळी झाले.

आणि मग तलंगा आरवायला लागल्या. आज ह्या घरातून, उद्या त्या घरातून. समोरचे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ टोपली घेऊन दारात आले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, आपली तलंग पहाटे आरवते. अंडी कुणाकडून घालून घ्यायची, तेवढं सांगून ठेवा." कप्पाळ माझं! टोपली घेतली. त्यांच्यामागून बाकीचेही आले. गच्चीवर एकमेकांच्या तुऱ्याला झोंबणारे हे कोंबडे, खाली माझ्या नावानं खडे फोडणारी गल्ली, आणि मी वर-खाली, वर-खाली. घ्यायला पुष्कळ जण तयार होते गं. पण "किती वजन भरेल?" असं विचारलं की मी फोन ठेवून द्यायचे. मी काही माळकरी नाही, रविवारी चिकनच्या दुकानात रांगेत उभी असतेच. पण ह्यांना मी ओंजळीत धरून कण्या भरवल्या होत्या.

एकाचा डोळा फुटायची वेळ आली तेव्हा त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांना तुझी विद्या सांगितली तर हसायलाच लागल्या. पिल्लू पाय वर घेतं की सोडतं, ह्याचा नर-मादीशी काही संबंध नाही म्हणाल्या. तुरा बघायचा, नराचा लवकर लाल होतो, जाड होतो. पुढे शेपटीच्या मुळाशी टोकदार पिसं येतात. रिक्षात बसल्यावर माझं डोकं सणकलं. कारण आई, तुरे लाल होते. मला दिसत होते. डोळ्यांना दिसत असून मी तुझ्या लोंबत्या पायांवर विश्वास ठेवला.

का ठेवला, तेही आठवलं. खडकीच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर. वडील, आमचे दादा, पहिल्या पाळीवरून आलेत, मोरीत हात धुतायत. रविवारी त्यांचे मित्र जेवायला यायचेत, म्हणून एखादा कोंबडा आहे का विचारतायत. तू पाटावर बसलेली, हातात ते तांबडं पिल्लू, धाकट्या भावाचं लाडकं, आता चांगलं मोठं झालेलं. मानेला धरून उचलतेस आणि म्हणतेस, "तलंग हाय." मी मध्येच तोंड घालते, आई, अगं तुरा बघ ना त्याचा, कोंबडा आहे हा. तुझ्या हातातली पळी माझ्या मनगटावर बसते. "तुला कुणी इचारलं?" मी समजले, मला त्यातलं कळत नाही. जन्मभर तेच समजत आले.

ती तलंग आरवली की! शेजारची म्हातारी धावत आली, कोंबडी आरवणं म्हणजे घराला अपशकुन, आजच्या आज कापा म्हणाली. दादा उंबऱ्यात उभे राहिले. "आम्ही धम्माची दीक्षा घेतलेली माणसं. शकुन-अपशकुन आमच्या घरात चालत नाही. आरवू दे तिला." आणि तू चुलीपुढे मान खाली घालून भाकरी थापत राहिलीस. तो कोंबडा कोंबडी म्हणून म्हातारा होऊन मेला. कापला जाऊ नये म्हणून दादांच्या तत्त्वाआड तू त्याला बरोबर लपवलंस, वस्ताद बाई! पण एक सांग. त्या तलंगेचं कधी एक अंडं नाही, रोज पहाटे बांग, आणि दादांना कळत नव्हतं, असं तुला खरंच वाटायचं? मला हे विचारायचंय, आणि तुम्ही दोघंही नाही. भयंकर चीड येते.

शेवटी हडपसरच्या पुढे शेत असलेला एक माणूस मिळाला. आला, सगळे कोंबडे डालग्यात घालून घेऊन गेला. कापणार नाही मावशी, शब्द देतो म्हणाला. चांगला वाटला. तरी मला चैन पडेना. भाजी चिरताना मध्येच उठायचे. त्याला फोन करायचे आणि उचलायच्या आत कापायचे. आज सकाळी उठले ती सरळ त्याच्या शेतावर गेले. पोचेपर्यंत दुपार झाली. अंगणात गावरान कोंबड्या होत्या, आपला एकही नव्हता. तो म्हणाला, उसात गेलेत चरायला, येतील आत्ता, बसा, चहा टाकतो. मी कान देऊन उभी राहिले. बांग काही ऐकू आली नाही. दुपारी कोंबडे आरवत नाहीत, असंही असतं ना गं?

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून तुला सांगते. मी चहाला थांबले नाही, कोंबडे उसातून येतात का ते बघायलाही नाही. त्याला म्हटलं, नको, रिक्षा उभी केलीय बाहेर. रिक्षा कुठली, मी बसनं गेले होते.