मी फक्त तलाव पाहायला आलो होतो

प्रताप नगर, नागपूर
२ फेब्रुवारी

आदरणीय आनंदराव भाऊजी यांस,
प्रेमानंदचा सविनय जय भीम. मायाताईलाही जय भीम.

आपली प्रकृती कशी आहे? पत्राच्या वरच्या बाजूला हा प्रश्न लिहायची रीत आहे म्हणून लिहीत नाही, या वेळी मी खरोखरच विचारतो आहे. गेल्या रविवारी दुपारी चार वाजता तुम्ही अंगणात खुर्चीवर बसला होतात तेव्हा ठणठणीत दिसलात. आवाजही खणखणीत होता (मी परत तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढलो तरी शब्दन् शब्द ऐकू येत होता). पण आपल्याच मातीला जमलेल्या साठ-सत्तर माणसांना चहा पाजून वाटेला लावायचं म्हणजे कोणत्याही प्रकृतीवर ताण येणारच. इकडे आम्ही खुशाल आहोत. नीलाचे गुडघे आहेत तसेच आहेत. माझी साखर सायकलमुळे उतरली, मात्र रविवारपासून डोळ्यांत झोप उतरत नाही.

धम्मानंद फोनवर म्हणाला की मामाचं पत्र आलं तर बाबा न वाचताच चुलीत घालणार आहेत, आणि मामासाठी या घराचं दार आता कायमचं बंद. म्हणून मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. तुमच्या मरणाची बातमी मी पसरवली नाही. ती माझ्याकडे पाहून लोकांनी आपापल्या बुद्धीने तयार केली. यात थोडा दोष माझ्या त्या वाक्याचाही आहे, हे कबूल करतो. नऊ वर्षांपूर्वी पायलच्या लग्नाच्या पत्रिकेत तुमच्या शेजाऱ्यांच्या साडूपर्यंत सगळ्यांची नावं छापून आली आणि नवरीच्या एकुलत्या एका मामाचं नाव तेवढं आलं नाही, तेव्हा भर मांडवात मी म्हणालो होतो की आनंदराव जिवंत आहेत तोवर त्यांच्या दारात पाय ठेवणार नाही. तुम्ही माझ्याकडे जरा वेळ पाहिलंत आणि ‘नको ठेवू’ एवढंच म्हणालात. ते वाक्य दोनशे माणसांनी ऐकलं. आपल्या नातेवाइकांपैकी निम्म्यांना स्वतःच्या पोरांच्या जन्मतारखा सांगता येत नाहीत, पण हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे.

आता तुम्हाला वाटेल, प्रेमानंद निवृत्त झाला, वय झालं, जीव मऊ पडला, म्हणून सलोखा करायला निघाला. मुळीच नाही. मी तलाव पाहायला निघालो होतो. आमच्या कॉलनीतला जितेंद्र (हा सायकलवाल्यांच्या ग्रुपचा म्होरक्या आहे, घट्ट कपडे घालतो आणि पहाटे पाच वाजता लोकांच्या घराखाली घंटी वाजवतो) मला म्हणाला की काका, तुमच्या वयाला स्पीड नाही, टूरिंग बरं. म्हणजे सायकलवर निवांत फिरायचं, थांबत थांबत जायचं, निसर्ग पाहायचा. मी नकाशा उघडला. उमरेड, भिवापूर आणि तिथून पुढे सगळा मुलूख सपाट, आणि त्यात निळे ठिपकेच ठिपके. गावागणिक तलाव, तलावागणिक दोन-तीन बोड्या, म्हणजे लहान तळी. तलावांच्या त्या माळेत शेवटचा तलाव तुमच्या गावाचा निघाला, याला मी काय करणार? तलाव काही मी खोदले नाहीत.

सपाट मुलखाबद्दल मात्र एक गोष्ट नकाशात लिहिलेली नसते. चढ नसतो हे खरं, पण उतारही नसतो. म्हणजे प्रताप नगरच्या फाटकातून बाहेर पडल्यापासून पेडल मारायला जी सुरुवात करायची ती थेट मुक्काम येईपर्यंत. वारा समोरून येतो, आणि गंमत म्हणजे परत येतानाही समोरूनच येतो. शनिवारी उमरेडला लॉजवर पोहोचलो तेव्हा मला जिना चढता येईना, मॅनेजरने खालची खोली दिली. वाटेत जो भेटेल तो माझी कीव करत होता. बाईकवरचा एक माणूस गाडी हळू करून विचारत होता की पेट्रोल परवडत नाही काय. एका तलावाच्या घाटावर कपडे धूत असलेल्या बाईने माझ्याकडे, मग सायकलकडे, मग परत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “पोरानं गाडी काढून घेतली काय जी तुमची?” मी म्हटलं, नाही हो, हौस म्हणून फिरतो आहे. तिने मान हलवली आणि कपडा आपटला. माझं पोरगं वाईट आहे हे तिने मनाशी नक्की केलं होतं आणि बापाने ते झाकून घ्यावं हेही तिला पटलेलं दिसलं.

पण तलाव सुंदर होते, भाऊजी. जानेवारीच्या शेवटी पाणी अजून काठापर्यंत असतं. कार्यालयात दुपारी चारला आम्ही जसे बसायचो, तशी मधोमध बदकं बसलेली असतात. मी प्रत्येक पाळीवर थांबलो. सायकल झाडाला टेकवायची, डबा उघडायचा, पाण्याकडे पाहायचं. एका ठिकाणी मासे धरणाऱ्या ढिवरांनी ताजे शिंगाडे दिले, ते खात तासभर बसलो. टूरिंग म्हणजे काय हे तेव्हा समजलं. माणूस नोकरीत जे चोरून करतो ते उघडपणे करायचं.

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास भिवापूरला आलो. गावाबाहेर मिरच्या वाळवायचे सातरे लागले आहेत, बाया देठ खुडत बसलेल्या, सगळं पटांगण लाल. वारा समोरून (वर सांगितलंच). त्या अर्ध्या किलोमीटरात मला एवढ्या शिंका आल्या की सायकल दोनदा शेतात गेली. आमच्या सुभद्रा आत्याच्या (माझ्या नि ताईच्या बापाची ही सख्खी बहीण, वय चौऱ्याऐंशी) अंगणात शिरलो तेव्हा माझे डोळे लालबुंद होते आणि नाक गळत होतं. अंगात पांढरा सदरा-पायजमा होता, कारण ऑक्टोबरात दीक्षाभूमीला जाण्यासाठी शिवलेला तो जोड ढगळ आहे आणि घट्ट कपड्यांना नीला नाही म्हणाली. उन्हासाठी डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. फोन न करता आलेलो. दारात सायकल स्टँडवर न लावता नुसती भिंतीला टेकवली (स्टँड जितेंद्रने वजन कमी करायला काढून टाकलं आहे).

तुम्ही तिकडचेच, त्यामुळे हे सगळं वाचून तुमच्या लक्षात आलंच असेल. मी शहरात चाळीस वर्षं काढली, माझ्या आलं नाही. आत्या उठून उभी राहिली. आतून सून चहा घेऊन आली. मी साखरेच्या भीतीने म्हटलं, चहा नको, बसत नाही, पुढे जायचं आहे. सुनेच्या हातातला कप तसाच राहिला. आपल्याकडे मातीचा निरोप घेऊन आलेला माणूस चहा घेत नाही, बसत नाही, सायकल स्टँडवर लावत नाही, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. फोनवर सांगितलं की माणसाच्या छातीत धस्स होतं, म्हणून अजूनही काही घरं सांगायला माणूसच पाठवतात, हेही आठवायला हवं होतं.

आत्याने हळूच विचारलं, “कोनाकडं चालला गा बाबू?” मी म्हटलं, आनंदराव भाऊजींकडे. झालं. प्रेमानंद, जो आनंदराव जिवंत आहेत तोवर त्यांच्या दारात पाय ठेवणार नव्हता, तो पांढरे कपडे घालून, रडून डोळे लाल करून, आनंदरावांच्या दारी चालला आहे. आता यातून चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईने दुसरा काय अर्थ काढावा, तुम्हीच सांगा. तिने खाली बसून घेतलं आणि पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, सलोख्याच्या कल्पनेने गहिवरली. मलाही भरून आलं. तिने विचारलं, किती वाजता? मी म्हटलं, चारपर्यंत पोहोचतो. ती म्हणाली, “मंग जा ना लवकर, थांबून काहून राहिला?” मी म्हटलं, घाई काय आहे आत्या, वाटेत दोन-तीन तलाव पाहत जाईन. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. दुःखाने माझ्या डोक्यावर परिणाम झाला असं ती नंतर सगळ्यांना सांगत होती.

तिथून पुढे बातमी मोबाईलवरून गेली आणि मी सायकलवरून गेलो. तुमच्या घरी फोन करून कोणी खात्री का केली नाही, असं तुम्ही अंगणात ओरडून विचारत होतात. पण भाऊजी, मयताच्या घरी फोन लावून ‘खरंच गेले काय हो’ असं विचारायची पद्धत आपल्यात कुठे आहे? माणसं सरळ निघतात. मी दुसऱ्या तलावावर शिंगाडे सोलत बसलो होतो तेव्हा पहिला टेम्पो गेला. त्यात उमरेडचे गिरिधरकाका होते, चेहरा अगदी उतरलेला. टेम्पो थांबवून म्हणाले, “बस ना गा गाडीत, सायकल टपावर टाक.” मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी निवांत येतो, हे शिंगाडे घेऊन जा. त्यांनी शिंगाडे घेतले नाहीत. मग बोलेरो गेली, मग दोन मोटारसायकली, मग ऑटो. सगळे ओळखीचे, सगळे तुमच्या गावाच्या दिशेने. मी प्रत्येकाला हात केला, कोणीच हात केला नाही. एका गाडीत हार दिसले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला: भाऊजींकडे लग्न आहे! धम्मानंदचं असणार. सगळ्या गणगोताला पत्रिका, आणि या वेळीही मामाला नाही! तुमच्या आधीच्या तलावावर मी एवढा चिडलो की सायकल नागपूरकडे वळवली होती. पण तिकडून वारा समोर आला. म्हटलं, जाऊ, भर मांडवात विचारू.

तुमच्या तलावाच्या पाळीवर चढलो आणि वरून तुमचं अंगण दिसलं. मांडव नव्हता. पांढऱ्या कपड्यातली माणसं ओळीने बसलेली. भंतेजी आलेले. बाया एका बाजूला, मध्ये मायाताई. तिथे मला समजलं की लग्न नाही. भाऊजी, इथे मी थट्टा करणार नाही. मी सायकलवरून उतरलो की पडलो, आठवत नाही. नऊ वर्षं जे सांभाळून ठेवलं होतं त्याचं करायचं काय, ते कोणाला द्यायचं, काही सुचेना. पाळीवर बसून मी मोठ्याने रडलो. नंतर धम्मानंदला मी सांगितलं की डोळ्यांत मिरची गेली होती. तुमच्या पाळीपासून मिरचीचं शेत कोसभर लांब आहे.

मग खाली उतरलो. माणसांनी वाट करून दिली, दोघांनी मला दंडाला धरलं, आणि वाट संपली तिथे खुर्चीवर तुम्ही. म्हणालात, “आला काय? ठेवला पाय दारात? मंग आता मी काय करू, मरू काय?” भंतेजीसुद्धा हसले. त्या क्षणी मी तुमच्या पायाशी बसायला हवं होतं. निदान ‘तुम्ही आहात ना’ एवढं तरी म्हणायला हवं होतं. सत्तर माणसं बघत होती. मी म्हटलं, मी फक्त तलाव पाहायला आलो होतो. तुम्ही म्हणालात, “तं जा ना मंग, पाह्य तलाव!” आणि मी गेलो. परतीला एसटीच्या टपावर सायकल टाकली. वारा तेव्हा नेमका पडला होता.

तर झालं ते असं. तलाव फार छान आहेत, तुमचा विशेष. मायाताईला सांगा, तब्येतीची काळजी घे. चूकभूल पदरात घ्यावी.

आपला,
प्रेमानंद

ता. क. : आत्याला रागावू नका. ती आता रोज फोन करून तुम्ही जेवलात का विचारते असं समजलं. माझी पाण्याची बाटली आणि हवेचा पंप तुमच्या अंगणात राहिला आहे. घाई नाही.

आणखी एक ता. क. : पंपाची घाई नाही असं वर लिहिलं ते खरं नाही. या रविवारी न्यायला आलो तर चालेल का? बसने येईन, फोन करून येईन, रंगीत कपडे घालीन. तुम्ही घरात असाल तेव्हाच येईन. पंप बाजारात कुठेही मिळतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

शेवटचं : मुख्य गोष्ट पत्रात बसली नाही. सात महिन्यांपूर्वी, निवृत्तीनंतर, कपाट आवरताना पायलच्या पत्रिकेचं छापखान्यातलं प्रूफ सापडलं. पत्रिका नागपुरात छापायची म्हणून तपासायचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलं होतं, हे मी पार विसरलो होतो. तुमच्या हाताने लिहिलेला मजकूर त्याला टाचलेला आहे, त्यात मामाचं नाव सगळ्यात वर आहे. प्रूफात ते गळलेलं आहे. खाली ‘वाचलं, बरोबर आहे, छापा’ असं लिहून सही केलेली आहे. सही माझी आहे. तुम्हाला हे त्याच दिवशी माहीत होतं, आणि दोनशे माणसांसमोर तुम्ही ते बोलला नाहीत. भाऊजी, मला येऊ द्या.