केस चालू असलेल्या मागच्या खोलीबाबत

मी, वय सत्तावीस, शिक्षण नववीपर्यंत, धंदा फोटोफ्रेम व काचकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. परवा माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. आणि लगेच सहीसाठी कागद पुढे करतात. खाडाखोड एकाच ठिकाणी आहे, तिथे सही केली आहे.

१. माझी काच कापायची हिरकणी फ्रेमच्या दुकानातल्या सुताराला द्यावी. न विचारता त्याने ती दोनदा नेलीच होती.

२. बँकेत जे असेल ते आईचे.

३. बाइंडिंगच्या दुकानामागची खोली, जिथे मी व आई राहतो. दुकानाचे मालक, ज्यांना सगळी गल्ली बाइंडर काका म्हणते, ते आणि त्यांचा धाकटा भाऊ यांची वाटणीची केस चालू असताना धाकट्याने ती मला विकली. पुढे काकांनी मलाही केसमध्ये घेतले. त्याला सहा वर्षे झाली. म्हणून मी आईला खोली देत नाही. खोलीवर माझा जो काही हक्क ठरेल तो देतो. निकाल काकांच्या बाजूने लागला तर आईने अपील, स्थगिती काही करू नये. किल्ली द्यावी आणि ताईकडे जावे. ताईच्या दोन खोल्यांत पाच माणसे आहेत, हे मला माहीत आहे. दुसरे दार मला सुचत नाही.

४. कोर्टाचा हुकूम 'जैसे थे' असा आहे. त्यामुळे काकांचे कागद कापायचे यंत्र आमच्या खोलीत मधोमध तसेच उभे आहे, आणि खिडकीची फुटकी काचही तशीच. काचवाल्याच्या घरात फुटकी काच म्हणून लोक हसतात. यंत्राला मात्र आई दर महिन्याला तेल देते. म्हणते, "हुकूम माणसांना आहे, गंजाला नाही." ते तिने पुढेही द्यावे.

५. खरेदीच्या वेळी केसची माहिती नव्हती, असे मी शपथेवर लिहून दिले आहे. ते खोटे आहे. धाकटा म्हणाला होता, "भावाभावांचं भांडण रे, आज ना उद्या मिटेल. म्हणून तर तुला परवडतेय." मी चहा संपवला आणि सही केली. नंतर वकील म्हणाले, माहीत असो वा नसो, चालू केसमधली खरेदी निकालाला बांधलेलीच. म्हणजे खोटे बोलून हाती काही लागलेही नाही. पण दर तारखेला काका कोर्टाच्या बाकावर शेजारी बसतात आणि एकच विचारतात, "पोरा, माहीत होतं ना तुला?" मी म्हणतो, "नाही, काका." या उत्तराने मी फार थकलो आहे. माहीत होते, काका.

६. धाकट्याला काही नाही.

साक्षीदार पहिला: फ्रेमच्या दुकानातला सुतार. न वाचता सही केली.

साक्षीदार दुसरा: बाइंडर काका. त्यांना आईने बोलावले. खोटी सही न करणारा दुसरा माणूस गल्लीत तिला माहीत नाही. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो. त्यांनी चष्मा लावून पाचवे कलम वाचले.

"हे मला तू मेल्यावर कळणार होतं?"

"हो."

"मग ऑपरेशन करून ये, आणि बाकावर बसून तोंडाने सांग. कागद मी ऐकत नसतो."

आई म्हणाली, "आणि खोली?"

"खोलीचं कोर्ट बघेल, वहिनी," काका म्हणाले, आणि सही केली.

हा शेवटचा मजकूर नंतर लिहिला, म्हणून त्याखाली तिघांच्या सह्या पुन्हा घेतल्या आहेत.

स्थळ: वरील खोली.
तारीख: चौदा, मंगळवार.