मामांची दाढी मी केली होती

तपासणीच्या बाईंना,

मंगळवारी तुम्ही मामांचा मदत-भत्ता चालू ठेवायचा की नाही, ते बघायला आलात. दार उघडलं तो मी, त्यांचा भाचा. तुमची पिवळी छत्री झकास होती, कुठून घेतलीत? असो, मी भरकटतोय.

मामा तुम्हाला इस्त्रीच्या शर्टात ताठ बसलेले दिसले. "अंघोळ कोण घालतं?" तुम्ही विचारलंत.

"घालतं म्हणजे? मी काय तान्हं बाळ आहे?"

तुम्ही हसलात, मीही हसलो. तुम्ही लिहून घेतलंत.

खरं सांगतो. तो शर्ट चढवायला आम्हाला पाऊण तास लागला. दाढी मी केली. संडासाची खुर्ची मीच पलंगामागे लपवली, कारण मामा म्हणाले, "भटक्या, परकी बाई येणार, जरा माणसात आण मला."

आता भत्ता बंद झाल्याचं पत्र आलंय. त्याच पैशांवर येणारी सकाळची मदतनीस आता या महिन्यापुरतीच येईल. मी शनिवारी पुन्हा भटकंतीला निघणार होतो, सामानही बांधलं होतं. मग मामांना उठवणार कोण?

नुसतं माझं पत्र चालत नाही म्हणे. फेरतपासणीच्या अर्जावर मामांची सही लागते, आणि वाचून दाखवल्याशिवाय ते सही करत नाहीत. म्हणजे "मला स्वतःला धुता येत नाही" हे मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. दोनदा कागद घेऊन बसलो. दोन्ही वेळा त्यांनीच विचारलं, "बाईंना आपण नीटनेटके वाटलो ना रे?"

"वाटलो," म्हणालो, आणि बांधलेले कपडे काढून परत खुंटीला लावले.

खुर्ची लपवणारा,
भाचा