‘रु’वरून सुरू होणारी गाणी

१२ जानेवारी, रविवार
आज आलेलं: घरगुती कराओकेचा जुना माइक, एक, १,४८० येन. त्याचं टपाल ६१०. गाण्यांच्या नावांचं जाडजूड पुस्तक, स्टेशनसमोरच्या कराओकेवाल्याने टाकून दिलेलं, फुकट. ते उचलून आणताना पाठ धरली, म्हणून पाठीला लावायच्या पट्ट्या, ३८०. चैनीत धरलं नाही. ‘चिनात्सुचं लग्न’ या खात्यावर टाकलं.

कारण १६ मार्चला कानाझावाला तिच्या होणाऱ्या सासरच्यांची पहिली भेट. जेवण झालं की ती मंडळी पाहुण्यांना कराओकेला नेतात आणि गाण्यांच्या भेंड्या खेळतात. भेंड्या म्हणजे गाण्याच्या नावांच्या. एकाच्या गाण्याचं नाव ज्या अक्षरावर संपेल, त्या अक्षराने सुरू होणारं गाणं पुढच्याने म्हणायचं. अडकला त्याच्यावर भेंडी, आणि सगळ्यांच्या तळणाचं बिलही त्याचंच.

मुलीची आई पहिल्याच दिवशी हरली तर मुलीला सासरी काय किंमत राहील? हायस्कूलमध्ये पाठांतराचं बक्षीस होतं मला. रोज एक तास प्रॅक्टिस. आजपासून.

१३ जानेवारी
पाठ दुखते. उद्यापासून.

२५ जानेवारी
सगळा खेळ ‘रु’चा आहे. ‘रु’वरून गाणी फार थोडी. तेव्हा आपण ‘रु’वर संपणारी म्हणत जायची आणि समोरच्याला कोंडीत पकडायचं. अशी सतरा जमवली. ‘रु’वरून सुरू होणारी फक्त चार, पण ती मला कशाला लागणार? ‘रु’ देणारी मी.

सकाळी बुद्धापुढे भात ठेवताना सासूबाईंच्या फोटोलाही योजना सांगितली. नेहमीसारख्याच दिसल्या. म्हणजे हरकत नाही.

शेजारच्या हिदाकाबाईंनी विचारलं की माझी प्रॅक्टिस कोणत्या वेळेला असते. दोन ते तीन, म्हटलं. आता त्या बाजारहाटाला बरोबर दोनलाच निघतात. ऐकायला तीनच्या आत घरी परतता यावं म्हणून असणार. मी वेळ वाढवून चारपर्यंत केली.

९ फेब्रुवारी, रविवार
चिनात्सुचा फोन. तोमिएबाई, म्हणजे तिच्या होणाऱ्या सासूबाई, तीन वर्षांपूर्वी यजमान गेले त्यांचे. ‘रुसु नो हामा’ हे त्या दोघांचं गाणं. दर वेळी सगळ्यांचं झालं की शेवटी त्या एकट्या म्हणतात, आणि दुसरं कोणी त्याला हात लावत नाही.

हे मला सांगायला हवं का? माणसाचं ठेवणीतलं गाणं दुसऱ्याने घ्यायचं नसतं, हे इथे शाळकरी पोरालाही कळतं. माझ्या चारांतलं एक तेच होतं. खोडलं. पेन्सिलीने, शाई कशाला वाया घालवा.

फोन ठेवताना म्हणाली, आई, तू हरलीस तरी चालेल, हरलीस तर बरंच. किती जपते मला.

२ मार्च
हे म्हणाले, व्याह्यांकडे सोपी अक्षरं द्यायची असतात, जिंकायचं नसतं. यांना आयुष्यात कधी कशात जिंकायचंच नव्हतं. जेवायला कालचाच मुळा वाढला.

संकल्प: तिथे फार पुढे पुढे करायचं नाही. दोनदाच ‘रु’ द्यायचा.

१६ मार्च, परतीच्या गाडीत
झालं. आणि काय झालं.

जेवण माफक. खोली मात्र मोठी, सोफ्याची. मी तोमिएबाईंना लागोपाठ पाच वेळा ‘रु’ दिला. पहिल्यांदा हसल्या. नंतर नुसतं पुस्तक चाळत राहिल्या, पण काही ना काही शोधत गेल्या. माझ्या चारांतली दोन त्यातच संपली. जावई होणारा यासुहिरो मला मुद्दाम ‘का’, ‘सा’ अशी सोपी अक्षरं देत होता. मुलगा सालस आहे. शेवटी त्याचीच काय ती चूक झाली आणि ‘रु’ माझ्यावर आला.

माझं तिसरं त्या दुकानाच्या मशीनमध्ये नव्हतंच. हा दोष दुकानाचा. पडद्यावर सेकंद उतरत होते. तळणाच्या तीन थाळ्या झाल्या होत्या. आणि चिनात्सुची इज्जत.

‘रुसु नो हामा’चा नंबर मी दाबला. चिनात्सुने टेबलाखालून बाही ओढली, खोकल्याची गोळी हवी का म्हणून असेल. मी दोन्ही कडवी म्हटली. जन्मात इतकी चांगली गायले नव्हते. कोणी तळणाला हात लावला नाही. हे सतरंजीकडे बघत बसले, इतके भारावले.

तोमिएबाईंनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, “फार सुरेख म्हटलंत. आता मला हे म्हणायला नको.”

यापेक्षा मोठी दाद असते का?

स्टेशनवर चिनात्सुने तेवढं विचारलं, “आई, मी तुला सांगितलं होतं ना?” म्हटलं, मशीनमध्ये आहे म्हणजे सगळ्यांचं आहे. गाडी येईपर्यंत ती जिन्यापाशी उभी होती. दमली असणार.

तळण: ०. (त्यांनी भरलं.)

३० मार्च
फोन नाही. लग्नाच्या मुली गडबडीत असतात.

१३ एप्रिल
मीच केला. यंत्राने निरोप ठेवायला सांगितलं. तोमिएबाईंसाठी निरोपात दोन ओळी गाऊन ठेवल्या.

२० एप्रिल
हे म्हणाले, लग्नाचं हॉटेल रद्द केलंय, पोरं साधंच काहीतरी करणार. बघा, काटकसर. आईचं वळण जात नाही. किमोनोला कापूर घालून परत ठेवला. संकल्प: साध्या समारंभातही एक गाणं तर हवंच, छोटंसं बसवायचं.

११ मे, रविवार
सकाळी यांनी काळा सूट काढला. जुन्या ऑफिसातल्या कोणाचा तरी कार्यक्रम म्हणाले. लग्नाकार्यात लावतात तो पांढरा टाय मीच इस्त्री करून दिला.

पाचला आले. हातात मोठी कागदी पिशवी, आत आहेराच्या परतीची मिठाई. वर सोनेरी अक्षरांत दोन नावं, यासुहिरो आणि चिनात्सु.

बुटाच्या नाड्या सोडत यांनी सांगितलं, “देवळात झालं. बारा माणसं. आईला आणू का, विचारलं होतं मी. ती म्हणाली, आई आली तर गाईल.”

मिठाई बुद्धापुढे ठेवली. मंत्र म्हणायला बसले आणि तोंडच उघडेना.

१२ मे
पोस्टातून जोडकार्डं दोन आणली, उत्तराचं कोरं कार्ड जोडलेली. पहिल्यावर मशीनमध्ये कुठली गाणी नव्हती ते नीट समजावून लिहिलं. जागा पुरली नाही. वाचलं आणि फाडलं. दुसरं असं टाकलं:

‘चि. चिनात्सु, अनेक आशीर्वाद. तुझे बाबा म्हणाले, तू छान दिसत होतीस. तोमिएबाईंची माफी मागायची आहे, त्यांच्या दारात उभी राहून. चहासुद्धा नको. गाणार नाही. कुठल्या दिवशी येऊ, का येऊच नको, एवढंच उत्तराच्या कार्डावर लिही. पत्ता मी घातलाय. उलट टपाली कळव.’